‘फॉरएव्हर हाऊलाँग’ : गोष्ट वळते तिथे वळणारी गाणी

‘टू हॉर्सेस’ हे गाणे पहिल्यांदा ऐकताना मी ते मध्येच थांबवले आणि पुन्हा सुरुवातीपासून लावले, कारण हलक्या हाताने छेडलेल्या तारांवर रेंगाळत निघालेले ते गाणे घोडदौडीच्या लयीत नेमके केव्हा शिरले, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दोन घोडे सोबत घेऊन भटकणारी एक स्त्री, वाटेत भेटलेला एक पुरुष, त्याच्यावर तिने टाकलेला विश्वास आणि त्याच्या हातून झालेला त्या घोड्यांचा अंत, एवढीच यातली गोष्ट आहे. दुसऱ्यांदा ऐकताना उमगले की ड्रम्स आणि बेस पुढे सरसावतात ते निव्वळ जोर आणण्यासाठी नव्हे. ऐकणाऱ्यालाही त्या बाईइतकेच बेसावध गाठायचे असते. ब्लॅक कंट्री, न्यू रोड या इंग्लिश बँडच्या ‘फॉरएव्हर हाऊलाँग’ या अल्बमबद्दल मला जे सांगायचे आहे, ते या एका गाण्यात सापडते. यातली गाणी कुठे वळतील याचा भरवसा नसतो, पण त्यांचे एकही महत्त्वाचे वळण नुसत्या हौसेपोटी आलेले नाही.

हा अल्बम 4 एप्रिल 2025 रोजी निंजा ट्यून या लेबलने प्रकाशित केला. त्यात 11 गाणी आहेत आणि निर्माता जेम्स फोर्ड आहे. या बँडचा इतिहास थोडा सांगावाच लागतो, कारण त्याशिवाय हे गीतलेखन असे का झाले ते कळत नाही. 2021च्या पहिल्या अल्बममध्ये पोस्ट-पंक या पंक रॉकमधून निघालेल्या शैलीचा कडवटपणा आणि क्लेझ्मर या ज्यू लोकसंगीताची झाक यांचे अस्वस्थ करणारे मिश्रण होते. दुसरा अल्बम येण्याला अवघे चार दिवस उरले असताना, 31 जानेवारी 2022 रोजी, मुख्य गायक आयझॅक वुड याने बँड सोडल्याचे जाहीर झाले. उरलेल्या सहा जणांनी नाव तेच ठेवले, मात्र त्याच्या आवाजातली गाणी पुन्हा वाजवायची नाहीत असे ठरवले, नवी गाणी रचली आणि ती 2023मध्ये ‘लाइव्ह ॲट बुश हॉल’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून रसिकांपुढे ठेवली. ‘फॉरएव्हर हाऊलाँग’ हा या सहा जणांचा पहिला स्टुडिओ अल्बम आहे. मुख्य गायन आता टायलर हाइड, जॉर्जिया एलरी आणि मे कर्शॉ या तिघींकडे आहे आणि तिघींची लिहिण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे.

पहिलेच गाणे ‘बेस्टीज’ हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या जुन्या वाद्याच्या खणखणीत सुरांनी उघडते. आता काहीतरी दरबारी, जुन्या वळणाचे ऐकायला मिळणार असे वाटते न वाटते तोच सगळा ताफा एकदम आत घुसतो आणि मैत्रिणीवरच्या एकतर्फी प्रेमाचे एक लख्ख पॉप गाणे सुरू होते. ‘फॉर द कोल्ड कंट्री’ याच्या अगदी उलट वागते. कुजबुजल्यासारख्या एकत्र आवाजांतून ते इतक्या सावकाश उभे राहते की पुष्कळ वेळ ठेक्याची चाहूलही लागत नाही, आणि मग शेवटाकडे जे वादळ उठते ते ऐकताना मी दोन्ही वेळा श्वास रोखून बसलो होतो. मुखडा, अंतरा आणि पुन्हा मुखडा या सवयीने ऐकणाऱ्याला इथे आधाराला हात ठेवायला फारसे काही मिळत नाही. तरीही मी भरकटलो नाही, कारण प्रत्येक गाण्यात एक माणूस आहे आणि त्याचे पुढे काय होते हे जाणून घ्यायचे असते.

शीर्षकगीत मला सर्वांत धाडसी वाटले. मे कर्शॉ गाते आणि बाकीचे पाच जण रेकॉर्डर वाजवतात. हे शाळकरी मुलांच्या हाती प्रथम दिले जाणारे, बासरीच्या जातीचे साधे वाद्य. ड्रम्स नाहीत, गिटारही नाही. हेडफोन लावून ऐकले तर दोन स्वरांमधला वाजवणाऱ्यांचा श्वास आणि पाच वाद्यांच्या सुरांत राहिलेला केसाएवढा फरकही ऐकू येतो. घरात एकट्याने काढलेल्या दिवसांचे बारीकसारीक तपशील सांगणाऱ्या त्या शब्दांखाली हा किंचित थरथरणारा स्वर इतका चपखल बसतो की तिथे पियानो असता तर तो फार सफाईदार वाटला असता.

सगळेच जमले आहे असे मात्र नाही. ‘सॉक्स’मध्ये पियानोभोवती चाल सतत दिशा बदलते, आणि ती का बदलते हे चार वेळा ऐकूनही मला पटलेले नाही. तिथे मागे गोष्टीची ओढ नाही, त्यामुळे वळणे सुटी पडतात. ‘द बिग स्पिन’ गोड आहे, पण लवकर विसरले जाते. शिवाय वुडच्या काळातली, काळजाला थेट हात घालणारी आर्तता शोधत येणाऱ्या श्रोत्याला सुरुवातीला हे संगीत फार नीटनेटके वाटेल, आणि ती तक्रार मी खोटी म्हणणार नाही. मलाही तसेच वाटले होते.

माझे मत बदलले ते ‘मेरी’ने. शाळेत छळ सोसणाऱ्या एका मुलीचे हे गाणे तिघी जणी मिळून गातात. कोणाचाही आवाज वर चढत नाही, एकीही रडवेली होत नाही. तिच्या बाजूने निदान तीन जणी उभ्या आहेत, हे शब्दांत कुठेही न सांगता केवळ स्वररचनेतून जाणवते. नव्या श्रोत्याने याच गाण्यापासून सुरुवात करावी, मग ‘टू हॉर्सेस’ ऐकावे, आणि त्यानंतर गाण्यांचे शब्द समोर ठेवून सगळा अल्बम पहिल्यापासून, क्रम न मोडता लावावा.