ईएसपी३२ बोर्ड: भरगच्च सेमिस्टरमध्ये झेपणारा सोबती

साइड प्रोजेक्ट घेण्याआधी सेमिस्टरचे तास मोजा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. २२ क्रेडिटपैकी १६ थिअरीचे धरले तर ४२० तास होतात, १५ आठवड्यांत आठवड्याला २८. जर्नल आणि सबमिशन वेगळंच. भुसावळहून जळगावला अप-डाउन करणाऱ्याला रविवारचे चार तास मिळाले तरी खूप. ईएसपी३२, म्हणजे सेन्सर जोडून प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड, त्या चार तासांत बसतो, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण. वाय-फाय बोर्डावरच असल्यामुळे काम तुकड्यांत होतं: एका रविवारी सेन्सरचं रीडिंग, पुढच्या रविवारी ते मोबाइलवर.

रविवार वाया जातो तो क्षुल्लक गोष्टींत. लॅपटॉपला पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला, बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. मग सीएच३४० किंवा सीपी२१०२, यूएसबी जोडणारी जी चिप बोर्डावर असेल तिचा ड्रायव्हर टाका. प्रोग्रॅमचा अपलोड अडकला की बूट बटण दाबून धरायचं. वाय-फाय चालू असताना २५, २६, २७ या पिनांवर ॲनालॉग रीडिंग मिळत नाही, सेन्सर ३४ वर लावा. पंप किंवा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) सुरू होताच बोर्ड रिसेट होतो, कारण व्होल्टेज खाली बसतं. पंपाला वेगळा सप्लाय द्या, रिले मॉड्यूलला ५ व्होल्टचा.

आपल्याकडे केळीच्या बागेतला ओलावा मोजण्यासारखा उपयोगी प्रोजेक्ट दुसरा नाही, पण काळ्या मातीत तो फसतो. माती वाळली की भेगा पडतात, कपॅसिटिव्ह सेन्सरच्या पात्याभोवती हवा शिरते आणि खाली ओल असूनही आकडा कोरड्याचा येतो. या सेन्सरचा आकडा कोरड्यात मोठा, पाण्यात लहान असतो. म्हणून त्याच शेतातली माती डब्यात घेऊन, आधी वाळलेली मग भिजवलेली, दोन्ही आकडे नोंदवा. पातं ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, माती घट्ट दाबून बसवा. पात्याच्या कडेतून पाणी आत मुरतं, तिथे नेलपॉलिशचे दोन हात द्या.

खरी उणीव बॅटरीची. डीप स्लीपमध्ये, म्हणजे काम नसताना झोपवून ठेवली की, चिप अगदी थोडा करंट घेते, पण बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर आणि लाल एलईडी चालूच राहतात. सेलवर महिनोन्‌महिने चालेल असं धरू नका.

पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागण्याआधी कोणती वायर कोणत्या पिनला आहे ते कागदावर लिहून डब्यात ठेवा. महिनाभराच्या पेपरांनंतर ते आठवत नाही.