ग्वादालाहाराच्या टीमसाठी फ्रेझल व्हर्बची कार्डं: आठ महिन्यांनंतर

पुण्याच्या ऑफिसातून आमचा ग्वादालाहाराच्या टीमबरोबर रोज कॉल असतो. आमचे संध्याकाळचे साडेसात, त्यांचे सकाळचे आठ. टीम मेक्सिकन, क्लायंट अमेरिकन. मला स्पॅनिश येतं म्हणून टीमच्या इंग्रजीकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. अडचण होती ती फ्रेझल व्हर्बची, म्हणजे 'पुट ऑफ'सारखी, क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारी रूपं. त्यासाठी आधी एक विकतचा ऑनलाइन कोर्स घेतला. त्यात एका पानावर 'गेट'ची वीस रूपं, दुसऱ्यावर 'टेक'ची. महिनाभरात सगळ्यांची सरमिसळ झाली. मग अंकी या फ्लॅशकार्डच्या अॅपमध्ये आम्ही आमचीच कार्डं बनवली.

पुढच्या बाजूला ऑफिसातलं अख्खं स्पॅनिश वाक्य, मागे इंग्रजी वाक्य आणि त्याचं रेकॉर्डिंग. सुटं क्रियापद कुठेच नाही. रेकॉर्डिंगवर मी अडून बसले, कारण या मंडळींचं बोलताना फारसं अडत नाही. 'पोस्टपोन', 'कॅन्सल', 'टॉलरेट' त्यांना आयतेच येतात. 'पोस्पोनेर', 'कान्सेलार', 'तोलेरार' हे त्यांच्या घरचेच शब्द, दोन्हीकडे लॅटिनमधून आलेले. अडतं ते ऐकताना. क्लायंट म्हणतो 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'पुट अप विथ', आणि तेही सगळं जोडून. 'पुट इट ऑफ' कानावर 'पुडिडॉफ' असं पडतं. कागदावर ओळखीचा असलेला शब्द कॉलवर हातातून निसटतो.

मेलमध्ये प्रश्न सुराचा असतो. क्लायंटच्या साध्या तक्रारीवर 'वी विल इन्व्हेस्टिगेट' लिहिलं की चौकशी लावल्यासारखं वाटतं. 'लूक इनटू' लिहिलं की 'बघतो काय झालंय ते' इतकंच पोचतं. 'दार सेगिमिएंतो' हे तर तिथल्या ऑफिसांचं रोजचं पालुपद. त्याला 'फॉलो अप' मिळाल्यावर मेल एकदम सुटसुटीत झाले.

एक कार्ड मात्र मला स्वतःसाठी करावं लागलं. फेब्रुवारीत क्लायंट म्हणाला, 'लेट्स पुश द डेमो बॅक अ वीक.' मी 'बॅक' ऐकलं आणि आठवडाभर अलीकडची तारीख वहीत लिहिली. आपण लांबणीवर टाकतो तेव्हा 'पुढे ढकलतो', मग मागे म्हणजे अलीकडे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. तेवढ्यात तिकडच्या सहकाऱ्याचा चॅटवर मेसेज आला: 'से आत्रासा उना सेमाना.' 'आत्रास' म्हणजे मागे, आणि 'आत्रासार' म्हणजे लांबवणं. इंग्रजीशी तंतोतंत! 'ब्रिंग फॉरवर्ड'चंही तसंच: 'आदेलांते' म्हणजे पुढे, आणि 'आदेलांतार' म्हणजे अलीकडे घेणं. ही दोन कार्डं त्यांच्या संचातून काढली, माझ्या संचात घातली.

उलट 'रन आउट ऑफ' शिकवताना मराठी कामाला आली. ते म्हणतात 'से नोस आकाबो एल तिएम्पो', आपण म्हणतो 'आपला वेळ संपला'. दोन्हीकडे संपतो तो वेळ. इंग्रजीत मात्र कर्ता आपण होतो, 'वी रॅन आउट ऑफ टाइम'. ही अडचण मी आतून ओळखत होते, म्हणून ती नीट समजावता आली.

जमलं नाही ते सर्वनामाचं. 'कॉल इट ऑफ'ऐवजी 'कॉल ऑफ इट' अजून येतं. स्पॅनिशच्या 'कान्सेलार्लो'मध्ये 'लो' हे सर्वनाम शेवटी चिकटतं, ती सवय कार्डाने सुटली नाही. मोठ्याने बोलूनच थोडी सुटतेय. 'हिअरिंग'ऐवजी 'लूक फॉरवर्ड टू हिअर' लिहिणंसुद्धा मेलमधून पुरतं गेलेलं नाही.

सुरुवातीला आम्ही हावरेपणाने 140 कार्डं घातली. डिसेंबरच्या सुट्टीनंतर उजळणीचा ढीग बघून टीममधल्या दोघांनी अॅपच काढून टाकलं. आता 60 आहेत, रोजची दहा मिनिटं पुरतात, आणि ते दोघंही परत आलेत. कॉल संपल्यावर 'काय म्हणाला तो?' असं मला विचारणारे मेसेज पूर्वी रोज चार-पाच यायचे, आता आठवड्याला एखादा येतो.

अंकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. तयार संच उतरवून घेऊ नका. टीमच्या गेल्या महिन्याच्या मेलमधून वीस वाक्यं काढा, आणि आवाज शक्यतो ज्याच्याशी रोज बोलायचंय त्याच्या बोलीतला घ्या.