रेडिएटर बदलून नेला, गाळ इंजिनातच राहिला: १९,६५० रुपयांची फसवणूक

आधी आकडा सांगतो. १९,६५० रुपये. त्यातले ८,००० फोनवरून पाठवले, ११,६५० रोख मोजून दिले. नंतर तेच काम दुसऱ्या मिस्त्रीकडून नव्यानं करून घ्यायला १४,६०० गेले. एका जुन्या पद्मिनीच्या इंजिनातला गाळ काढायला ३४,२५० रुपये. घरात हा पुरता आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही. इथं लिहितोय ते दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून.

गाडी वडिलांची, १९९२ची प्रीमियर पद्मिनी. वीस वर्षं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली होती. वयामुळं त्यांनी गेल्या वर्षी गॅरेज बंद केलं, आणि मी उघडा पडलो. मार्चमध्ये जोतिबाला निघालो, केर्ली सोडून चढाला लागलो आणि काटा लालात गेला. बॉनेटखालून वाफ. गाडी कडेला घेतली. पाच मिनिटांत मोटरसायकलवरून एक पोरगा थांबला, स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा नंबर दिला. "माझं नाव सांगा, कमी करंल." असले मदतनीस कुठून उगवतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. पण मागच्या सीटवर ऐंशीच्या घरातली आई बसलेली होती. अशा वेळी माणूस मिळेल तो नंबर घेतो.

गॅरेजवाल्यानं रेडिएटरचं टोपण उघडलं, बोट घालून तांबूस चिखल दाखवला. "आण्णा, नुसता गाळ हाय. बोरचं पाणी घालताय न्हवं?" घालतच होतो. वर्षानुवर्षं. त्याचं निदान बरोबर होतं आणि तिथंच मी अडकलो. बोरच्या पाण्यातले क्षार पाण्याच्या वाटांना आतून थर धरतात, बिडाच्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, गंज सुटतो, त्याचे पापुद्रे पडतात, आणि हे सगळं जाऊन बसतं ते ब्लॉकच्या सगळ्यात खालच्या भागात. तिथं पाणी नीट फिरत नाही, तेवढाच भाग तापतो, चढाला लागलं की उकळी येते. खरं बोलणारा लबाड ओळखणं फार अवघड.

फ्लशिंग (पाण्याच्या वाटा आतून धुणं), रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई), वॉटर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी सोडणारी झडप), होज, कूलंट. दोन दिवस लागतील म्हणाला. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला, "उगीच अठरा टक्के कशाला भरताय?" मीही गप्प बसलो. बाजारात सगळे असंच करतात, मी एकटाच काही वेगळा वागलो नाही. पण आज माझ्या हातात आहे तो वहीचा फाटका कागद. त्यावर शिक्का नाही, सही नाही, गाडीचा नंबरसुद्धा नाही. पक्कं बिल घ्या. जीएसटीसकट घ्या. तो कर नव्हे, पुरावा आहे.

आता ती वेळ सांगतो, जिच्यामुळं मला रात्री जाग येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी गॅरेजवर गेलो. गाडी पुढं घेतलेली, रेडिएटर काढून नेलेला. त्यानं मला एक बादली दाखवली. काठोकाठ लालभडक पाणी. "बघा काय निघालंय." मी वाकून बघितलं. पाणी सगळीकडं एकसारखं लाल होतं, रंग कालवल्यासारखं. तळाला काही बसलेलं नव्हतं. बोट बुडवलं, खर लागली नाही. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत स्टोअरचा हिशेब सव्वीस वर्षं सांभाळला आहे. बिडाच्या कास्टिंगमधली कोअरची, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याची, वाळू कितीही झटकली तरी आतल्या कोपऱ्यात थोडी राहते, हे मी रोज ऐकत आलो. इंजिनाचा खरा गाळ जड असतो. पाच मिनिटांत बादलीच्या तळाशी बसतो, चिमटीत धरला तर वाळू आणि गंजाचे पापुद्रे हाताला लागतात. हे मला कळत होतं. त्या क्षणी कळत होतं.

त्याहून वाईट पुढंच आहे. ब्लॉकच्या अंगाला, खालच्या बाजूला ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी असते. ब्लॉक रिकामा करायचा तर तो काढावाच लागतो. मी बघितला. त्यावर तेल-धुळीचं जुनं किटण जसंच्या तसं होतं, पान्याचा एक ओरखडा नाही. मी विचारलंसुद्धा, "हा काढला न्हाई काय?" तो हसला नाही, गडबडला नाही. "केमिकल टाकलंय आण्णा, समदं इरघळून वरनं आलं." गंज, वाळू आणि पापुद्रे विरघळून वर येतात? सव्वीस वर्षं फौंड्रीत काढलेल्या माणसाला हे पटावं? पण शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मिस्त्रीला खोटं पाडायचा मला संकोच वाटला. तो संकोच मला १९,६५० रुपयांना पडला. तुमच्या गाडीचं हे काम करणार असाल तर तिथं उभे राहा आणि तो कॉक तुमच्यासमोर काढायला लावा. जुन्या गाडीत कॉक काढला तरी बऱ्याचदा थेंबही येत नाही, इतकं भोक बुजलेलं असतं. तारेनं टोकरावं लागतं. हे झालं नसेल तर फ्लश झालेलाच नाही.

संध्याकाळी गाडी दिली. कागदावरचे आकडे: फ्लश ३,२००, रॉडिंग आणि झाळकाम ४,५००, थर्मोस्टॅट ९५०, पंप किट २,८५०, होज आणि क्लिपा १,१५०, कूलंट १,६००, मजुरी ५,४००. रेडिएटर काळ्या रंगानं चकचकीत, रंगाचा वास येत होता. "गंजू नये म्हणून मारलाय." जुना पंप मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला" म्हणाला. जुने पार्ट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. मी दिले.

आणि गाडी खरंच गार चालली! राजारामपुरी, रंकाळा, कावळा नाका, काटा अर्ध्यावरसुद्धा जाईना. मी त्याचं चार जणांत कौतुक केलं, शेजाऱ्यांना नंबर दिला. याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते. काटा खाली का होता ते नंतर कळलं. त्यानं थर्मोस्टॅट नवा बसवलाच नव्हता. जुना काढून टाकला आणि घर रिकामं ठेवलं. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन हव्या त्या उष्णतेला लवकर पोचत नाही, गावातल्या गावात काटा खालीच राहतो. गिऱ्हाईक खूश. चढ लागेपर्यंत. दुरुस्तीनंतर काटा नेहमीपेक्षा खाली राहायला लागला तर आनंद मानू नका, थर्मोस्टॅट आहे का ते बघा.

बाराव्या दिवशी पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला गाडी उकळली. या खेपेला हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि वरच्या हेडमधली पट्टी, गेलं. डिपस्टिकला दुधाळ तेल आलं, म्हणजे तेलात पाणी मिसळलं.

टो करून ज्यांच्याकडं नेली तेही उद्यमनगरातलेच. सगळं उद्यमनगर चोर आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "हा रेडिएटर कुठला?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या रेडिएटरच्या खालच्या टाकीला वडिलांनी पितळी तुकडा झाळून घेतला होता. हा रेडिएटर दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, निम्म्या नळ्या बुजलेल्या, वरून रंग मारलेला. तांब्या-पितळेचा चांगला रेडिएटर भंगारातसुद्धा किलोवर विकला जातो. रॉडिंगसाठी बाहेर पाठवतो म्हटलं की समजा तो तुमच्या नजरेआड गेला. द्यायच्या आधी फोटो काढा, टाकीवर खिळ्यानं खूण करा.

मग त्यांनी कॉक काढला. काहीच आलं नाही. तार घातली, वळवली, आणि कावीसारखा घट्ट लाल चिखल गोळ्यागोळ्यानं पडला. ब्लॉकच्या डम्या (भोकांवर ठोकलेल्या टोप्या) काढल्या, आतून वाळू, पापुद्रे. होजनं उलट्या दिशेनं पाणी सोडलं, नितळ येईपर्यंत दोन तास. केमिकल एक थेंब नाही. वर हेही दाखवलं की पहिल्या मिस्त्रीनं जे केमिकल टाकलं म्हणाला ते कॉस्टिक सोडा असणार, आणि पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक ते खातं. पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. सोळाशे रुपयांचं कूलंट म्हणजे हिरवा रंग घातलेलं पाणी निघालं. दुसरा, वापरलेला रेडिएटर ६,५००, हेड फेसिंग आणि गॅस्केट ३,४००, डम्या, थर्मोस्टॅट आणि मजुरी ४,७००. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

मी त्या गॅरेजवर परत गेलो. "तुमचाच रेडिएटर हाय. सिद्ध करा." फोटो नव्हता.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अडीच तास बाकावर. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "तीस वर्षांची गाडी अजून कशाला ठेवलीय?" मग म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. दुरुस्तीला विश्वासानं दिलेली वस्तू बदलून स्वतःकडं ठेवली, हा दिवाणी वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं ३१६ कलम फौजदारी विश्वासघाताचं आहे, ३१८ फसवणुकीचं. मी कलमं कागदावर लिहून नेली होती. त्यांनी तो कागद परत माझ्याकडं सरकवला. पोच मागितली, "साहेब आल्यावर." साहेब आजतागायत मला भेटलेले नाहीत. माझे सहा हेलपाटे झाले. रिक्षा-पेट्रोल, अर्धा अर्धा दिवस, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायची. गॅरेजवाल्यांच्या एका संघटनेकडं गेलो, तर "तो आमचा सभासद नाही." आरटीओच्या खिडकीवर "हे आमच्याकडं येत नाही." मग कुणाकडं येतं? साध्या माणसाची साडेएकोणीस हजारांची चोरी ही कुणाच्याच टेबलावरची गोष्ट नाही का?

ग्राहक आयोगाचा रस्ता उरला आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणं घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील लागत नाही. फोनवरून पाठवलेले ८,००० हाच माझ्याकडचा पक्का पुरावा आहे, आणि तेही गॅरेजवाल्यानं आपल्या मेहुण्याच्या नंबरवर घेतले. ज्याच्या नावाचं गॅरेज त्याच्याच खात्यात पैसे टाका. दुसऱ्या मिस्त्रींनी काय सापडलं ते लिहून सही करून दिलं आहे. त्यांचे आभार मानतो.

एक विनंती. खालच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा पितळी तुकडा झाळलेला आणि त्यावर छिन्नीनं दोन आडव्या रेघा मारलेल्या, असा पद्मिनीचा रेडिएटर उद्यमनगरात किंवा भंगार बाजारात कुणी विकायला आणला तर घेऊ नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. त्या रेघा वडिलांनी मारल्या होत्या.