सिंकखालच्या कपाटाला डब्ल्यूपीसी बोर्ड: माल चोख, पण वजन करून घ्या

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सिंकखालच्या कपाटात प्लायऐवजी डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचा, फोम बोर्ड आता सर्रास दिसतो. ओलीच्या बाबतीत त्याला तोड नाही. जांभ्याची भिंत चार महिने पाझरली तरी तो फुगत नाही, पदर सुटत नाहीत, वाळवी फिरकत नाही. फसगत होते ती दुकानात, कारण सगळ्या शीट वरून सारख्याच दिसतात.

बोर्डात पीव्हीसी, लाकडाचा भुसा, चुनखडीची पूड आणि फुगवणारं रसायन असतं. तापलेला लगदा यंत्रातून बाहेर पडताना वायू सुटतो आणि पोट फुगतं. वरची साल थंड साच्याला टेकून कडक होते. भुसा दमट राहिला असेल तर त्याची वाफ होऊन मध्येच मोठ्या पोकळ्या पडतात. म्हणून दुकानदाराकडे कापलेला तुकडा मागा आणि त्याची कड बघाच. छिद्रं बारीक आणि एकसारखी हवीत, पावाच्या लादीसारखी भोकं नकोत.

8×4 फुटी, 18 मिमी शीट 0.6 घनतेची (घन सेंटिमीटरला 0.6 ग्रॅम) असेल तर साधारण 32 किलो भरते. 24 किलोची मिळाली तर परत करा, तिच्यात बिजागरीचे स्क्रू टिकत नाहीत. उलट फार जड शीटही संशयास्पद: चुनखडी जास्त झाली की बोर्ड ठिसूळ होतो. दोन बोटं रुंद पट्टी वाकवून बघा. कट्कन मोडून पांढरी पूड पडली, तर नको.

स्क्रू जाड आट्यांचे, स्टेनलेस स्टीलचे. साधे घेतले तर खाऱ्या वाऱ्याने पांढऱ्या बोर्डावर गंजाचे ओघळ उतरतात. 4 मिमी स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक, कडेपासून इंचभर आत, आणि शेवटचे दोन वेढे हाताने. मशीनने जास्त आवळलं की फोममधले आटे निघतात. पांढरा फेविकॉल इथे धरत नाही, कारण बोर्ड पाणी शोषत नाही. सनमायका रबरी गोंदाने आणि दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर पल्ला वाकतो.

भार हा याचा कच्चा दुवा. फळीला दर दोन फुटांवर आधार द्या. भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास असतो, तो लादीवरच ठेवा.

उरलेले तुकडे न्हाणीच्या चुलीत मात्र घालू नका. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर घसा आणि छाती जाळतो.