घरची जिंजर बिअर: फेस यीस्टचा, विरजणाचा की सिलिंडरचा?

घरी बिअर करण्याचं सामान जमवायला निघालेल्याला दोन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. पहिली कायद्याची. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. घरच्यापुरतं केलं, विकलं नाही, म्हणून त्यातून सुटका होत नाही. दुसरी हवेची. मॉल्टच्या वीस लिटर बिअरला चार-पाच किलो मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) लागतो. तो ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायचा, मग हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं. इथवर घरचा मोठा टोप पुरतो. खरी अडचण पुढच्या आठवड्याची असते. एल जातीच्या बिअरला १८ ते २२ अंश लागतात, लागरला त्याहून बरेच कमी. आंबणारं द्रावण स्वतःच तापून खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी वर जातं. मे महिन्यात रत्नागिरी-मालवणात रात्रीसुद्धा पारा २६-२७ च्या खाली उतरत नाही. त्या उष्णतेत साधं यीस्ट जड अल्कोहोल बनवतं आणि चवीला थिनरची झाक येते. नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ अंशांतही नीट चालतं, पण कायद्याचा मुद्दा त्यानेही सुटत नाही.

म्हणून इथे तुलना बिअरच्या शेजारच्या पेयाची, जिंजर बिअरची. आलं, साखर, लिंबू आणि फेस. कृती कुठेही मिळेल. कोकणात ठरवायचं असतं ते एवढंच, की बाटलीतला वायू आणायचा कुठून. वाटा तीन आहेत: यीस्ट, आल्याचं विरजण (जिंजर बग) आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर.

आधी थोडं गणित

एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि अर्धा ग्रॅम वायू होतो. एकाशिवाय दुसरं मिळत नाही. बिअरइतका फेस यायला लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम वायू विरघळावा लागतो. म्हणजे दहा ग्रॅम साखर खर्ची पडते आणि अल्कोहोल ०.६ ते ०.७ टक्के होतं. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांच्या वरचं पेय मद्यात मोडतं. तेव्हा ‘घरची आहे, नैसर्गिक आहे, मुलांना चालते’ असं आंबवलेल्या जिंजर बिअरबद्दल बिनधास्त म्हणता येत नाही. भरपूर फेसाळली आहे, म्हणजे ती रेघ बहुधा ओलांडली आहे.

आता उरलेल्या साखरेचं बघा. नेहमीच्या कृतीत लिटरला १०० ग्रॅम साखर असते. फेसासाठी दहा गेली, नव्वद बाटलीतच राहिली. बाटली बाहेर विसरली तर यीस्ट तीही खात सुटतं. सगळी संपली तर लिटरमागे जवळजवळ २५ लिटर वायू आणि सहा टक्क्यांच्या वर अल्कोहोल. अर्थात त्याआधीच बाटली फुटलेली असते.

यीस्ट आणि प्लास्टिकची बाटली

सगळ्यात स्वस्त आणि झटपट वाट हीच. चार लिटरला १५० ग्रॅम आलं (साल धुऊन, किसून), ४०० ग्रॅम साखर, दोन-तीन लिंबांचा रस आणि पाव चमचा बेकरीचं कोरडं यीस्ट. एक लिटर पाण्यात आलं-साखर पंधरा मिनिटं उकळायची. टोप स्टीलचा घ्या, लिंबू पडणार असल्याने पितळ किंवा ॲल्युमिनियम नको. मलमलीतून गाळून उकळून गार केलेलं तीन लिटर पाणी घालायचं. ३५ अंशांच्या खाली आल्यावर, म्हणजे टोपाला बाहेरून हात लावला तर ऊन लागणार नाही इतपत झाल्यावर, यीस्ट आणि लिंबू. गरम असताना घातलेलं यीस्ट मरतं. दुसऱ्या दिवशी ‘काहीच झालं नाही’ अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

बाटली सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच घ्या, तळाला पाच पाकळ्या असलेली. पाण्याची बाटली पातळ असते, तिचा तळ फुगून बाहेर येतो. वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडायची. काचेची बाटली या पद्धतीत नको, मग ती बिअरची असो की बुचाला तारेची कडी असलेली. प्लास्टिक दाबून आत काय चाललंय ते कळतं, काच फुटेपर्यंत काही सांगत नाही. गोटीच्या बाटलीचाही मोह आवरा. हायरम कॉडच्या १८७२ च्या पेटंटची ती रचना फार देखणी आहे, पण गोटी वर बसते ती यंत्राने वायू भरताना बाटली उलटी केल्यामुळे. घरी यीस्टवर ते जमत नाही, आणि फुटली तर शेवटी काचच.

तीस अंशांच्या खोलीत बारा तासांनी पहिल्यांदा दाबून बघा. नव्या सीलबंद सोड्याच्या बाटलीइतकी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये. युरोप-अमेरिकेतल्या कृतींत ‘दोन ते तीन दिवस’ लिहिलेलं असतं, ते त्यांच्या २० अंशांच्या खोलीसाठी. इथे चोवीस तासांच्या पुढे बाहेर ठेवू नका.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी) असेल तर अंदाजाऐवजी आकडा मिळतो. लिटरला १०० ग्रॅम साखरेचं द्रावण १.०३८ च्या आसपास दाखवतं. तिथून चार पॉइंट उतरून १.०३४ ला आलं की अल्कोहोल अर्ध्या टक्क्याला पोचलं. नमुन्यातला फेस ढवळून पूर्ण काढा, नाहीतर बुडबुडे नळीला वर उचलतात. उपकरण २० अंशांसाठी आखलेलं असतं आणि तीसला अडीच पॉइंट कमी दाखवतं, म्हणून दोन्ही वाचनं सारख्याच तापमानाला घ्या.

या पद्धतीची दुखरी नस म्हणजे वीज. पावसाळ्यात गावाकडे झाड पडून तार तुटली की दिवसभर फ्रीज बंद. चार अंशांवर झोपलेलं यीस्ट पंचवीसच्या वर गेलं की कामाला लागतं. वीज गेल्यावर बाटल्या एकेक करून झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. घरी कोणी नसेल तर तेही होत नाही.

यावर एक तोड आहे, फारशी कोणी करत नाही: लिटरला फक्त सात ग्रॅम साखर आणि बाकीचा गोडवा स्टीव्हियाचा. सात ग्रॅम संपली की यीस्टला खायला काही उरत नाही. फेस हलका येतो, अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपासच थांबतं आणि वीज आठवडाभर गेली तरी बाटली सुरक्षित. स्टीव्हियाची मागाहून येणारी कडवट चव आल्यात बरीचशी लपते, सगळी नाही. साखरेऐवजी गूळ घालून हे साधत नाही. गूळही साखरेसारखाच आंबतो, उलट त्यातल्या क्षारांमुळे यीस्ट जास्तच जोमात येतं.

आल्याचं विरजण

चवीला हे तिघांत सरस. बरणीत पाव लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात रोज एक मोठा चमचा सालीसकट किसलेलं आलं आणि एक मोठा चमचा साखर. तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज दोनदा ढवळायचं. आल्याच्या सालीवरचं रानटी यीस्ट आणि दह्यातल्यासारखे आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात. थंड हवेत आठवडा लागतो, इथे चौथ्या-पाचव्या दिवशी वर बुडबुडे आणि आंबूस वास येतो. मग वर दिलेल्याच आले-साखरेच्या पाण्यात, यीस्टऐवजी, लिटरला ६० ते १०० मिलिलिटर गाळलेलं विरजण घालून बाटल्या भरायच्या.

बिघडण्याच्या जागा ओळखून ठेवा. पृष्ठभागावर पांढरा, सुरकुतलेला, सपाट पापुद्रा आला तर ती बहुधा रानटी यीस्टची साय असते. घातक नसते, पण चव उतरवते. केसाळ, हिरवट किंवा काळा ठिपका ही बुरशी. तेवढाच भाग चमच्याने काढून पुढे चालवू नका, बरणीच ओता. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीत गेली की किसाचे पाण्यावर तरंगणारे तुकडे आधी बुरशीतात, म्हणून ते ढवळून ओले ठेवायचे. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत. आणि सहा दिवस होऊनही बुडबुडा नसेल तर आलं बदला, गावच्या बाजारातलं ताजं, मातीचं आणा. 

गैरसोय एकच, पण मोठी: दोन खेपा सारख्या होत नाहीत. विरजणात यीस्ट किती आणि जिवाणू किती हे मोजता येत नाही, त्यामुळे एक बाटली दहा तासांत दगड होते आणि दुसरी दोन दिवस मऊच राहते. अल्कोहोलचंही तेच. ज्याला रोज बरणीकडे बघण्याची हौस आहे त्याने जरूर करावं. चार दिवस गावाला जाणाऱ्याने विरजण फ्रीजमध्ये टाकावं आणि आल्यावर दोन दिवस चारा घालून जागं करावं.

सिरप आणि सिलिंडर

इथे काहीच आंबत नाही. २५० ग्रॅम किसलेलं आलं, अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी वीस मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. गाळून, गार करून ६० मिलिलिटर लिंबाचा रस घालायचा. पाऊण लिटरच्या आसपास सिरप होतं. फ्रीजमध्ये तीन आठवडे टिकतं. एक भाग सिरपला पाच भाग सोडा.

सोडा घरी करायला अन्नासाठीच्या प्रतीचा वायू भरलेलं दोन किलोचं सिलिंडर, दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा रेग्युलेटर, एक नळी आणि सोड्याच्या बाटलीवर बसणारं वायूचं झाकण लागतं. पाणी आधी चार अंशांपर्यंत गार करा, हे टाळता येत नाही. गार पाण्यात ०.७ ते ०.८ बार दाबावर जेवढा वायू मुरतो, तेवढाच ३० अंशांच्या पाण्यात मुरवायला पावणेतीन बारच्या आसपास दाब लागतो, आणि झाकण उघडताच तो निघूनही जातो. ‘यंत्र घेतलं पण सोडा पाणचट होतो’ याचं कारण नव्वद टक्के वेळा कोमट पाणी. बाटली पाऊण भरा, हवा दाबून काढा, झाकण लावा, दोन बारवर मिनिटभर जोरात हलवा, मग पाच मिनिटं स्थिर ठेवून उघडा. सिरप नंतर, ग्लासच्या कडेने. सिरप घालून मग वायू सोडलात तर फेस नळीतून रेग्युलेटरमध्ये शिरतो.

लिटरला वाया जाणारा धरून दहा ग्रॅम वायू लागतो, म्हणजे दोन किलोत सुमारे २०० लिटर. अर्थात गळती नसेल तर. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा आणि काम झालं की मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर सिलिंडर एका रात्रीत रिकामं होतं. आगीसाठीचं सिलिंडर वापरू नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते आणि वायूऐवजी द्रव बाहेर येतो. उन्हात ठेवायचं नाही, कारण हा वायू ३१ अंशांच्या वर द्रव राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. बंद, खिडकी नसलेल्या खोलीतही नको, कारण गळलेला वायू जड असल्याने खाली साचतो. खाऱ्या वाऱ्याने रेग्युलेटरमधल्या लोखंडी स्प्रिंगा गंजतात. किनाऱ्याजवळच्या घरात तो कामापुरताच जोडून, एरवी पुसून डब्यात ठेवलेला बरा.

या वाटेला दोष चवीचा. आंबवण्याने येणारा तो किंचित दह्यासारखा आंबटपणा इथे नाही. थोडं लिंबू वाढवून आणि किंचित मिरपूड घालून जवळ जाता येतं, तिथवर पोचता येत नाही. पण याच सोड्यावर अमृत कोकमही चालतं, हा कोकणातला जादाचा फायदा. मिठाचं आगळ मात्र नको, सोलकढीसारखं काहीतरी लागतं.

| | यीस्ट | विरजण | सिलिंडर |
|---|---|---|---|
| पहिला खर्च | नगण्य | नगण्य | बराच |
| अल्कोहोल | ०.५ टक्क्याच्या वर सहज | तेच, पण बेभरवशाचं | नाही |
| वीज गेली तर | झाकण सैल करून वायू सोडावा लागतो | तेच | पाणी गार होत नाही, सोडा पाणचट होतो, एवढंच |
| चव | बरी | उत्तम | स्वच्छ, सपाट |

गारवा आणि पाणी

आंबवणाऱ्या दोन्ही वाटांना खोली थोडी थंड केली तर चव सुधारते. देशावर ओलं गोणपाट गुंडाळून भांडं गार ठेवतात. किनाऱ्यावर त्याचा उपयोग जेमतेम, कारण आधीच दमट असलेल्या हवेत पाणी उडत नाही आणि न उडणारं पाणी गारवा देत नाही. त्यापेक्षा बाटल्या टबात पाण्यात उभ्या करा आणि बर्फाची बाटली सोडा. पाणी आणि बाटल्या मिळून वीस किलो असतील तर एक किलो बर्फ चार-पाच अंश उतरवतो. सकाळ-संध्याकाळ बदलला की २५ च्या आसपास राहतं.

खाडीकाठच्या विहिरींना मे महिन्यात मचूळ चव येते आणि ती आल्याखाली लपत नाही, उलट पुढे येते. तेव्हा पिण्याचं दुसरं पाणी वापरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळल्यावर जातं. बाटल्या निर्जंतुक करायला लिटरभर पाण्यात एक चमचा साधं घरगुती ब्लीच, दहा मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा विसळणं. ब्लीच स्टीलच्या भांड्यात साठवू नका, खड्डे पडतात.

मग काय घ्यावं

तारकर्लीसारख्या ठिकाणी होमस्टे असेल आणि पाहुण्यांना द्यायचं असेल तर सिलिंडरच, आणि विक्रीसाठी अन्न नोंदणी आधी. आंबवलेली बाटली पाहुण्याला विकणं म्हणजे अल्कोहोलचा प्रश्न गळ्यात घेणं. घरात लहान मुलं असतील तरी हीच वाट. दोघांचं घर, फ्रीज भरवशाचा आणि आठवड्याला चार लिटर संपणार असेल तर यीस्ट. तेही नवशिक्याने सात ग्रॅम साखरेच्या कृतीपासून सुरू करावं. विरजण डिसेंबर ते फेब्रुवारीत लावा. रात्री विशीच्या आसपास उतरतात, आंबणं संथ होतं आणि बाटली कडक व्हायला दोन दिवस मिळतात, म्हणजे चाखून थांबवता येतं. जून ते सप्टेंबर मात्र बरणी रिकामी ठेवून सिरपवर भागवावं.