शब्दांवाचूनचे मेटल: दोन बँड

ग्वाल्हेरात तानसेन समारोहाच्या थंडीतल्या मैफलींत बोटांवर मात्रा मोजत वाढलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याला वाद्यप्रधान प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे गुंतागुंतीच्या तालांचे, गायनाविना वाजणारे जोरकस रॉक संगीत, परके वाटत नाही. लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट या बँडच्या १९९८ च्या पहिल्या अल्बममध्ये जॉन पेट्रुसीची गिटार आणि जॉर्डन रुडेसचा कीबोर्ड एकच अतिद्रुत सुरावट एकत्र वाजवतात, तेव्हा जुगलबंदीचा आनंद लगेच मिळतो. तिथे चाल स्पष्ट असते, म्हणून नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

ॲनिमल्स ॲज लीडर्स या दुसऱ्या बँडची वाट निराळी आहे. या त्रिकुटात स्वतंत्र बास वादक नाही. गिटारवादक टोसिन अबासीचा अंगठा आठ तारांच्या गिटारीच्या जाड तारेवर खाली आणि वर अशा दोन्ही दिशांनी आघात करतो, त्यामुळे गिटारच तालवाद्य होते आणि डग्ग्याची घुमक आठवते. पहिल्या ऐकण्यात सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही, चौथ्या-पाचव्या वेळी ती अचूक हाती येते, आणि तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) समेवर पडल्यावर मान जशी आपोआप डोलते तशीच इथेही डोलते. तंत्र म्हणजे भावशून्यता, हा आक्षेप मला मान्य नाही, तानेला तरी शब्द कुठे असतात, तरी ती भिडतेच ना? माझी पसंती या दुसऱ्या बँडला आहे, कारण त्याचे संगीत दर वेळी नवे काही ऐकवते.