दिवसा टॅली, संध्याकाळी व्हॅलोरंट: रायझन ५ ५६००जी

ठाण्यातल्या नौपाड्यात माझं जीएसटी आणि हिशेबांचं छोटं ऑफिस आहे. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये उघडे पंधरा-वीस टॅब आणि पोर्टलवर रिटर्न, एवढंच तिथल्या कॉम्प्युटरचं काम. पण कॉलेज सुटलं की मुलगा तिथेच येतो आणि मी कागद आवरायला घेतले की त्याचा गेम सुरू होतो. दुसऱ्या कॉम्प्युटरचं बजेट नव्हतं आणि जागा तर त्याहून नव्हती. म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड न लावता दोन्ही भागेल असा एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. रिटर्नचे बरेच हंगाम त्याने पार पाडलेत, आणि मी तो कोणालाही सुचवते. मात्र सुचवताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट बजावते: रॅमच्या दोन स्टिक लावा.

प्रोसेसर २०२१चा आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतच वेगा ७ नावाचं ग्राफिक्स. एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), डीडीआर४ रॅम, ६५ वॉट, पंखा डब्यातच मिळतो. दोन कंपन्यांची टॅली, मोठी एक्सेल शीट आणि पोर्टल एकत्र उघडं असलं तरी तो अडत नाही. ऑफिसच्या कामाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते ग्राफिक्सचं. स्टेशनजवळच्या एका दुकानात मला सांगण्यात आलं, “मॅडम, साधा आय३ घ्या, वर दोन जीबीचं कार्ड टाकून देतो, मुलगा खूश होईल.” कार्ड होतं जीटी ७१०. ‘दोन जीबी’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्या कार्डाची डीडीआर३ मेमरी सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी डेटा हलवते. ५६००जीला स्वतःची मेमरी नसते, तो कॉम्प्युटरची रॅमच वापरतो. ३२०० मेगाहर्ट्‌झची एक स्टिक असेल तर त्याला २५.६ जीबीची वाट मिळते, दोन असतील तर ५१.२ची. शिवाय ती वाट प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायची असते. म्हणून इथे रॅम किती जीबीची यापेक्षा ती किती स्टिकमध्ये आहे, हे आधी बघायचं. कार्डावर छापलेल्या जीबीच्या आकड्यावरून गेम कसा चालेल ते कळत नाही, आणि हे माहीत नसणाऱ्या आईबापांना अशी कार्डं आजही विकली जातात याचा मला मनापासून राग येतो.

शेवटी ज्यांच्याकडून घेतला, त्यांनीही कोटेशनमध्ये १६ जीबीची एकच स्टिक लिहिली होती. “पुढे वाढवायला एक स्लॉट मोकळा राहील, मॅडम.” मी म्हटलं, “दादा, आठ-आठच्या दोन द्या. वाढवायचं पुढचं पुढे बघू.” त्यांनी मुकाट्याने बदलून दिलं. नंतर मुलाने मुद्दाम एक स्टिक काढून खेळून पाहिलं. टॅलीला काडीचा फरक पडला नाही, पण गेम लगेच अडखळू लागला. दोन्ही स्टिक परत लावल्या आणि व्हॅलोरंट फुल एचडीला, लो सेटिंगवर, शंभर एफपीएसच्या (सेकंदाला शंभर फ्रेमच्या) वर गेला. जीटीए ५ साध्या सेटिंगवर छान चालतो. काउंटर स्ट्राइक २ला मात्र रिझोल्यूशन थोडं खाली आणावं लागतं. नवे, भारी गेम यावर चालवण्याचा हट्ट धरू नये, त्यासाठी खरंच चांगलं कार्ड लागतं.

रॅम ३२००ची घेतली तरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करून घ्या, नाहीतर बरेचदा ती कमी वेगाने चालत राहते. बायोसमध्येच ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची तेही ठरवता येतं. आम्ही २ जीबी दिलीय. विंडोजला १४ उरतात, माझं काम त्यात आरामात होतं. ८ जीबीच्या मशीनवर हीच वाटणी जाचक होईल.

घरात कोणी गेम खेळतच नसेल तर? मग माझं मत वेगळं आहे. इंटेलचा कोअर आय३-१२१०० घ्या. त्यातलं यूएचडी ७३० गेममध्ये वेगा ७च्या मागे पडतं, पण ऑफिसला पुरून उरतं. शिवाय यूट्यूबवर वाढत चाललेला एव्ही१ या नव्या फॉरमॅटमधला व्हिडिओ ते हार्डवेअरवर चालवतं, जे वेगा ७ला जमत नाही. फक्त नावाच्या शेवटी एफ नको. १२१००एफमध्ये ग्राफिक्सच नसतं आणि तो स्वस्त दिसतो म्हणून पटकन गळ्यात पडतो. एएमडीकडे साधा ५६०० घेतलात तरी हीच गत, तिथे जी पाहिजेच.

पैसे जास्त असतील तर २०२४मध्ये आलेला ८६००जी आहे. त्यातलं ग्राफिक्स वेगा ७च्या बरंच पुढे आहे, पण त्याला एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा आधी रॅमचा दर विचारा आणि मग प्रोसेसर ठरवा. लॅमिंग्टन रोडला दर थोडे कमी मिळतात हे खरं. पण ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला जायचं, आणि काही बिघडलं की कॅबिनेट उचलून पुन्हा तोच प्रवास. माझ्यासारखीचं काम २० तारखेला, रिटर्नच्या मुदतीच्या दिवशी, थांबून चालत नाही. त्यामुळे थोडे जास्त देऊन मी ठाण्यातूनच घेतला.

बोर्ड घेताना मागचे पोर्ट बघा. माझा एक मॉनिटर जुना, व्हीजीएचा आहे. एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही असलेला ए५२० बोर्ड मिळाला, म्हणून एकीकडे खरेदीची बिलं आणि दुसरीकडे पोर्टल असं दोन स्क्रीनवर जुळवता येतं. जुन्या स्टॉकमधला बी४५० बोर्ड देत असतील तर बायोस अपडेट करून, समोर चालू करून दाखवायला सांगा. अपडेटशिवाय त्यावर ५६००जी सुरूच होणार नाही, अशी शक्यता असते.

आणि विंडोज ११ दुकानातच टाकून घेणार असाल तर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (दोन्ही बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी) चालू आहे ना, हे तिथेच तपासा. टॅलीला त्याचं काही पडलेलं नाही. व्हॅलोरंट मात्र विंडोज ११वर त्याशिवाय चालत नाही, आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ती नव्या जीपीटी पद्धतीची करून घेतल्याशिवाय सिक्युअर बूटचा उपयोग होत नाही.